खालून कोळसा निघणार, वरच्या विहिरींचं काय? आधी काय मोजून ठेवायचं?

पाणवठा
नमस्कार मंडळी. भूमिगत कोळसा खाणीचं काम आमच्या शिवाराकडे सरकतंय. कोळशाचा थर साधारण १८० मीटर खोल, जाडी अडीच मीटर, आणि लाँगवॉलने काढणार असं कळलंय. वर जुन्या उघड्या विहिरी आहेत, शिवाय ५०-६० मीटरच्या बोअरवेल. खाणवाले म्हणतात, इतक्या खोलातल्या कामाचा विहिरींशी काही संबंध नाही. लोक म्हणतात, पाणी जाणारच. आकडा दोघांकडेही नाही. उद्या पाणी गेलंच, तर ते खाणीमुळे गेलं की पाऊस कमी पडला म्हणून, हे ठरवायचं कसं? आणि त्यासाठी आज काय करून ठेवायचं? जाणकारांनी लिहावं.

निळा_थर
धागा वेळेवर काढलात. एरवी हा प्रश्न विहीर आटल्यावर येतो, आणि तेव्हा आधी काय होतं याची नोंद कुणाकडेच नसते.

खाली काय घडतं ते आधी बघू. लाँगवॉलमध्ये फेस, म्हणजे कोळसा कापला जातो ती लांब भिंत, पुढे सरकतो तसं मागचं छत मुद्दाम कोसळू देतात. त्या कोसळलेल्या पोकळीला गोफ म्हणतात. कोळशाच्या जाडीच्या साधारण २ ते ८ पट उंचीपर्यंत खडक तुकडे होऊन खाली येतो. त्याच्या वर, जाडीच्या ३० ते ५० पटीपर्यंत, थर जागच्या जागी राहतात पण त्यांना उभ्या-आडव्या भेगा जातात. त्याहून वरचा खडक नुसता वाकतो. आणि अगदी वरच्या पंधराएक मीटरमध्ये जमीन ताणली गेल्यामुळे पुन्हा भेगा पडतात.

आता तुमचेच आकडे घेऊ. अडीच मीटरची ३० पट म्हणजे ७५ मीटर, ५० पट म्हणजे १२५. कोळसा १८० वर आणि बोअरचा तळ ६० वर, म्हणजे मधे १२० मीटर खडक. कमी पट धरली तर भेगांचा पट्टा बोअरच्या खाली ४५ मीटरवरच थांबतो. जास्त धरली तर तो बोअरच्या बुडाला टेकतो. तेव्हा 'संबंध नाही' हेही या आकड्यांवरून म्हणता येत नाही आणि 'जाणारच' हेही नाही. मधल्या १२० मीटरमध्ये कोणते थर किती जाडीचे आहेत त्यावर सगळं आहे. शेल आणि चिकणमातीचे थर वाकतात, त्यांच्यातल्या भेगा दाबाखाली बऱ्याचदा मिटतात. कडक वालुकाश्म मोडतो आणि त्याची भेग उघडी राहते. खाणीने शोधासाठी बोअर मारलेले असतातच, त्यांचे थरवार लॉग (किती खोलीवर कोणता खडक लागला त्याची नोंद) मागून घ्या. माझ्या मते तुमच्या यादीत हाच कागद पहिला हवा.

खवचट
प्रत्येक वेळी खाणीच्या नावाने बिल फाडायचं ही आपली सवय. बोअर किती वाढल्या, उपसा किती वाढला, पाऊस किती पडला ते कुणी बघत नाही. विहिरी खाण नसलेल्या ठिकाणीही आटतातच की.

निळा_थर
@खवचट, मुद्दा बरोबर आहे, म्हणून तर मोजायचं. खाणीपासून पुरेशा लांब, पण त्याच खडकातल्या आणि साधारण तेवढ्याच खोलीच्या एक-दोन विहिरी निवडायच्या. त्या 'साक्षीदार' विहिरी. पावसाने ओढ दिली तर त्याही खाली जातील आणि जवळच्याही. जवळच्या खाली गेल्या आणि साक्षीदार जागेवर राहिल्या तर पावसावर खापर फोडता येत नाही. शेजारच्या पंपामुळे पातळी उतरली असेल तर पंप बंद राहिल्यावर ती बऱ्यापैकी परत येते. सोबत पर्जन्यमापक ठेवा, आणि कोणाचा पंप कधी चालला याची साधी वही ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण वाद मिटतो तो याच वहीने.

आडवी_गॅलरी
खाणीत सर्व्हेचं काम केलं आहे, निवृत्त आहे. दोन गोष्टी.

पहिली, कोळसा काढायच्या पद्धतीने फरक पडतो. बोर्ड अँड पिलरमध्ये, म्हणजे बोगदे खोदत मधे कोळशाचे खांब सोडायच्या पद्धतीत, खांब तसेच ठेवले तर वरचा खडक टेकलेला राहतो, पाण्यावर परिणाम कमी. पण खांब कायम राहतील असं समजू नका. नंतर डिपिलरिंग होतं, म्हणजे माघारी येताना खांबही काढून घेतात, आणि तेव्हा छत बसतं. जुन्या कामात राहिलेले बारीक खांब बऱ्याच वर्षांनी चेपून जमीन खचल्याची उदाहरणंही आहेत. गोफमध्ये वाळू भरली (स्टोइंग) तर खचणं बरंच कमी होतं. तेव्हा 'खाण येणार' एवढ्यावर थांबू नका. पॅनलचा (कोळसा काढायच्या पट्ट्याचा) नकाशा, खांब राहणार की जाणार, स्टोइंग आहे की नाही, हे विचारा.

दुसरी गोष्ट हद्दीची. खचण्याचा परिणाम पॅनलच्या कडेवर थांबत नाही, तो तिरपा वर पसरतो. उभ्या रेषेपासून ३५ अंश धरले तर १८० मीटर खोलीला पॅनलच्या कडेपासून साधारण १२५ मीटर बाहेरपर्यंतची जमीन त्यात येते. हे झालं जमिनीच्या हालचालीचं. पाण्याचा दाब त्याच्याही पलीकडे कमी होऊ शकतो, कारण खाणीत शिरणारं पाणी चारी बाजूंनी ओढलं जातं. नकाशावर हद्दीबाहेर दिसतात म्हणून त्या विहिरी सोडू नका.

पाणवठा
सगळ्यांचे आभार. उघड्या विहिरीची मोजणी नेमकी कशी करायची? आमच्याकडे 'पाणी किती आहे' याचं उत्तर 'पायरीला लागलंय' असं मिळतं :)

निळा_थर
पायरी चांगली खूण आहे, फक्त तिला आकडा द्या.

कठड्यावर एक जागा ठरवून ऑइलपेंटने बाण काढा. प्रत्येक माप त्याच बाणापासून. स्टीलच्या टेपच्या टोकाला वजन बांधा, खालच्या मीटरभर भागाला खडू घासा आणि टेप पाण्यात थोडा बुडेल इतका सोडा. बाणापाशी टेप कोणत्या आकड्यावर आहे ते वाचा, वर ओढल्यावर खडू कुठपर्यंत ओला झालाय ते वाचा, आणि दुसरा आकडा पहिल्यातून वजा करा. पहाटे, पंप सुरू व्हायच्या आधी मोजा. बोअरमध्ये इलेक्ट्रिक साउंडर सोडतात, पाण्याला लागला की वाजतो. जमल्यास एका बोअरमध्ये डेटा लॉगर टाका, तो तासातासाची नोंद ठेवतो.

पातळीपेक्षा लोक हमखास विसरतात ती आवक. समजा विहीर गोल आहे, व्यास ४ मीटर. म्हणजे पाण्याचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस मीटरच्या आसपास. पंपाने पातळी दोन मीटर खाली घेतली, पंप बंद केला आणि पहिल्या तासात पाणी २० सेंटीमीटर चढलं. आवक झाली ताशी अडीच हजार लिटर. हीच चाचणी पुढे पुन्हा करायची, पातळी तितकीच खाली ओढून. तेव्हा तासाला ६ सेंटीमीटरच चढलं तर आवक साडेसातशे लिटरवर आली. सकाळी बघाल तर पाणी त्याच पायरीला असेल! रात्रभर हळूहळू भरतं ना. नुसती पातळी लिहिणाऱ्याला 'विहिरीत काही बदल नाही' असंच दिसणार.

हे सगळं निदान एका पूर्ण वर्षासाठी हवं, म्हणजे पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही धरून. दोन वर्षांचं मिळालं तर फारच उत्तम.

अवांतर: खोल, बंदिस्त थरातल्या बोअरची पातळी हवेच्या दाबाबरोबरही हलते. दाब एक हेक्टोपास्कल बदलला तर पाण्यात जास्तीत जास्त एक सेंटीमीटरचा फरक पडू शकतो. त्यामुळे दोन-चार सेंटीमीटरच्या चढउतारावरून कुणाच्या अंगावर धावून जाऊ नये.

आडवी_गॅलरी
वरच्या पद्धतीत एक भर घालतो, नाहीतर सगळी वही फुकट जाईल. तुमचा तो ऑइलपेंटचा बाणही जमिनीबरोबर खचणार आहे.

लाँगवॉलच्या वर जमीन कोळशाच्या जाडीच्या साठ टक्क्यांपर्यंत खचू शकते, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. अडीच मीटरला ते दीड मीटर झालं. आता समजा भूजलाची पातळी खरोखर दीड मीटर उतरली आणि कठडाही दीड मीटर खाली आला. बाणापासूनचं माप तेच! वहीत लिहिलं जाईल 'फरक शून्य'. म्हणून प्रत्येक विहिरीच्या बाणाची समुद्रसपाटीपासूनची उंची आधीच लेव्हलिंग करून काढा. बेंचमार्क (उंची माहीत असलेली पक्की खूण) पॅनलपासून भरपूर लांबचा घ्या. फेस खालून गेला की लेव्हलिंग पुन्हा, आणि जमीन स्थिरावल्यावर आणखी एकदा. खाणीचे लोक पॅनलवर खुंट्या ठोकून खचण्याची मोजणी करतातच. त्यांच्या खुंट्यांबरोबर तुमचे बाण जोडून घ्यायला सांगा, जास्तीचं काम फारसं नाही.

खवचट
हे माहीत नव्हतं. पटलं.

सई_लॅबवाली
पाण्याच्या गुणवत्तेबद्दल मी लिहिते, रोज तेच करते.

कोळशात आणि त्याच्या आजूबाजूच्या शेलमध्ये पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असतं. भेगांतून हवा आणि पाणी त्याच्यापर्यंत पोचलं की सल्फेट, लोह आणि आम्ल तयार होतं. म्हणून सल्फेट, लोह, मँगनीज, पीएच, विद्युतवाहकता, एकूण विरघळलेले क्षार, क्षारता, कठीणपणा आणि क्लोराइड हे सगळं आधी तपासून ठेवा. शिवाय कोलिफॉर्म जिवाणू, कारण वरच्या भेगांतून पृष्ठभागावरचं पाणी न गाळता थेट विहिरीत येऊ शकतं.

'पीएच सात आहे म्हणजे खाणीचं पाणी नाही' असं कोणी म्हणालं तर मान्य करू नका. खडकात कॅल्शियम कार्बोनेट असेल तर आम्ल तिथेच मारलं जातं, पीएच सातच्या आसपास राहतो आणि सल्फेट मात्र वाढलेलं असतं. उलट बाजूही सांगते. सल्फेट जिप्समच्या थरातून येतं, खतांतूनही येतं. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या मोठ्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

नमुना घेताना सगळ्यात जास्त घोळ लोहाचा होतो. बोअरचं पाणी उपसताना काचेसारखं स्वच्छ दिसतं. बाटलीत ठेवलं की हवा लागून लोहाचा गंज होतो आणि तळाला, बाटलीच्या भिंतीला तांबूस थर बसतो. लॅबमध्ये वरचं पाणी तपासलं जातं आणि अहवालात लोह कमी दिसतं. म्हणून दोन बाटल्या भरतात. एक नुसती, दुसरी जागेवरच गाळून आणि नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून. आम्लाची बाटली लॅबकडून तयार मिळते, घरी उद्योग करू नका. पीएच आणि तापमान विहिरीवरच मोजा. बोअरमध्ये साठून राहिलेलं पाणी आधी काढून टाका. पाइपातल्या साठ्याच्या तिप्पट उपसा आणि मग नमुना, अशी सर्वसाधारण रीत आहे.

पंपवाला_दादा
मी बोअरमध्ये मोटर सोडणारा माणूस, पुस्तकी ज्ञान नाही. खाण खालून गेलेल्या भागात 'बोअर आटली' म्हणून बोलावतात, आणि जाऊन बघतो तर पाणी जागेवर असतं. केसिंग (बोअरमधला पाइप) मधेच वाकलेली किंवा कातरलेली असते, मोटर वरही येत नाही आणि खालीही जात नाही. कधी खडक सरकून बोअर मधेच दबलेली असते. अशा ठिकाणी पाणी गेलेलं नसतं, बोअर मेलेली असते. शेजारी नवी मारली की पाणी लागतं. म्हणून प्रत्येक बोअरची खोली, केसिंग कुठपर्यंत, मोटर किती फुटांवर आणि किती एचपीची, हे आज लिहून ठेवा. मालकाला विचारलं तर निम्म्यांना आठवत नाही.

आणखी एक. बोअरच्या तोंडातून बुडबुडे येत असतील, पाणी दुधासारखं येऊन मग निवळत असेल, तर त्यात गॅस असू शकतो. बंद पंपघरात स्टार्टर दाबायच्या आधी दार उघडा, वारा खेळू द्या.

सई_लॅबवाली
@पंपवाला_दादा, +१. तो मिथेन. खाण येण्याच्या आधीपासूनही काही बोअरमध्ये असतो, म्हणून त्याचीही आधीची तपासणी हवी.

वाटाड्या७
प्रश्न असा की समजा सगळं मोजलं. आलेखावर 'हे खाणीचं काम' असं कशावरून ओळखायचं?

निळा_थर
तारखांवरून. फेस कोणत्या दिवशी कुठे होता ही नोंद खाणीकडे रोजची असते. ती मिळवा आणि बोअरच्या आलेखाखाली तोच काळ धरून मांडा.

अमेरिकेत इलिनॉयमध्ये लाँगवॉलच्या वरच्या वालुकाश्मात यावर बारकाईने काम झालंय. चित्र असं दिसलं की फेस अजून लांब असतानाच पातळी उतरायला लागते, कारण दाब कमी झाल्याचा परिणाम थरातून पुढे धावतो. फेस खालून जाताना पातळी झपाट्याने घसरते. यात मजेची गोष्ट अशी की पाणी खाणीत वाहून गेलेलंच असेल असं नाही. खडक वाकताना थर एकमेकांपासून सुटतात, भेगा रुंदावतात, आणि त्या नव्या पोकळ्या भरायला पाणी लागतं. म्हणून पातळी पडते. पुढे काय होतं ते थरावर आहे. जेफरसन काउंटीतल्या ठिकाणी वालुकाश्मातून पाणी बऱ्यापैकी वाहतं, तिथे पातळी परत वर आली. भेगांमुळे खडकातून पाणी जास्त सहज वाहू लागलं, म्हणजे बोअर देते त्या पाण्याच्या दृष्टीने फायदाच. पण पाण्याची चव गेली, सल्फेट आणि क्षार वाढले. सॅलीन काउंटीत खडकातून पाणी जेमतेम वाहत होतं, तिथे पातळी सावरली नाही.

दुष्काळाचा आलेख असा दिसत नाही. तो संथ उतरतो, सगळ्या विहिरींत मिळून उतरतो आणि फेसच्या तारखा त्याच्या गावी नसतात. आणखी एक पुरावा खाणीच्या पंपाचा. रोज किती पाणी बाहेर काढलं याची नोंद असते. तुमच्या बोअर उतरल्या त्याच सुमारास खाणीतली आवक वाढली असेल तर पाणी खाली जातंय म्हणायला जागा आहे. आवक तेवढीच राहिली आणि पातळी सावरायला लागली, तर वर सांगितलेला पोकळ्या भरण्याचा प्रकार असण्याची शक्यता जास्त.

डोंगराळ भागात जागेचाही फरक पडतो. अमेरिकेतल्याच ॲपलेचियन डोंगरपट्ट्यातल्या अभ्यासांत माथ्यावरच्या विहिरींना दरीतल्या विहिरींपेक्षा जास्त त्रास झालेला दिसला. वरचं पाणी भेगांतून खालच्या थरात उतरतं आणि पायथ्याशी फुटतं. माथ्यावरची विहीर कोरडी आणि खाली नवा झरा, असंही होतं. म्हणून झऱ्यांनाही क्रमांक देऊन त्यांचा प्रवाह मोजा. बादली आणि घड्याळ पुरतं.

वाटाड्या७
आणि हे सगळं सिद्ध करायची जबाबदारी विहिरीच्या मालकावर? जरा उलटंच वाटतं.

कलम_कारकून
उलटं वाटतं ते काही ठिकाणी कायद्यालाही वाटलं. पेनसिल्व्हेनियात १९९४ च्या दुरुस्तीने (तिला ॲक्ट ५४ म्हणतात) वर आलेल्या त्याच ३५ अंशांच्या पट्ट्यातली विहीर किंवा झरा बिघडला तर तो खाणीमुळेच बिघडला असं आधी गृहीत धरतात. तसं नाही हे खाणीने दाखवायचं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यातही, २४ ऑक्टोबर १९९२ नंतरच्या भूमिगत खाणकामाने घरगुती पाणी गेलं तर ते बदलून देणं खाणीवर आहे.

पण पेनसिल्व्हेनियाच्या तरतुदीत एक मेख आहे. खाणीच्या माणसांना आधीची पाहणी करायला मालकाने मज्जाव केला असेल तर हे गृहीतक त्याला मिळत नाही. रागाच्या भरात 'आमच्या विहिरीला हात लावायचा नाही' म्हणणारे तिथेच हरतात. पाहणीला येऊ द्या, सोबत उभे राहा, त्यांच्या मापाशेजारी आपलं माप लिहा, नमुन्याची दुसरी बाटली आपल्या पसंतीच्या लॅबला पाठवा, आणि कागदावर दोघांच्या सह्या. कुठलाही कायदा असो, दोघांच्या सह्यांचा कागद नंतर नाकारणं कठीण जातं.

खवचट
म्हणजे ज्यांनी माप घेऊ दिलं नाही त्यांनीच नंतर ओरडायचं. (बघा, माझा मूळ मुद्दा थोडासा तरी टिकला.)

पाणवठा
:) थोडासा टिकला. आम्ही आता प्रत्येक विहिरीला क्रमांक देऊन बाण काढायला घेतोय, बोअरची माहिती दादांनी सांगितली तशी लिहून घेतोय, आणि लॉग व पॅनलचा नकाशा मागणारं पत्र तयार आहे. शेवटचा प्रश्न: फेस पुढे गेला, सगळं स्थिरावलं, की मोजणी थांबवली तर चालेल?

निळा_थर
रोजची थांबवा, पण महिन्याची चालू ठेवा. फेस गेल्यावर पातळी सावरायला काही महिने लागतात किंवा काही वर्षं, आणि गुणवत्ता तर पातळी परत आल्यावर बिघडायला लागते. कोरड्या राहिलेल्या भेगांत पायराइटला हवा लागलेली असते, पाणी चढताना ते सगळं धुऊन सोबत घेतं.

आडवी_गॅलरी
आणि खाण बंद झाली की पंप बंद होतात, हे लक्षात असू द्या. चालू खाण पाणी खाली ओढत असते. बंद खाण हळूहळू भरत जाते, काही ठिकाणी त्याला दशकं लागतात. ते पाणी तुमच्या बोअरच्या थरापर्यंत चढलं, तर इतकी वर्षं खाली जाणारा प्रवाह उलटू शकतो आणि लोह-सल्फेटवालं पाणी वर येऊ शकतं. म्हणून खाण चालू असतानाच अट घालून घ्या, की बंद झाल्यावर एखादा शाफ्ट (खाणीत उतरणारी उभी विहीर) किंवा जुन्या कामापर्यंत जाणारी एक बोअर पातळी मोजण्यापुरती उघडी ठेवायची. सगळं बुजवून टाकलं की नंतर आत बघायला जागा राहत नाही. त्या शाफ्टमधलं माप 'तोंडापासून इतके मीटर' असं घेऊ नका, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत घ्या, म्हणजे तुमच्या बाणांशी ते जुळवता येईल.